टौरंगाला पाठवलेलं चित्र

"ठिपका आहे की नाही, एवढंच सांगा मला!" टौरंगा गावच्या हॉस्पिटलातली डॉक्टर फोनवर इंग्रजीत ओरडत होती. "दुपारचा डोस द्यायची वेळ झालीय. देऊ की थांबवू?"

फोन स्पीकरवर होता. ऑकलंडच्या आमच्या ग्रंथालयात टेबलाभोवती आम्ही तिघं. मार्गारेट, ग्रंथालयाची मुख्य, तिच्या हातात जुन्या वैद्यकीय मासिकाचा जाड बांधीव खंड उघडा धरलेला. संदीप, पुण्याचा कॉम्प्युटरवाला, पडद्यापुढे वाकलेला. आणि मी, कॉप्या काढणारी. खंडातल्या पानावर एका माणसाच्या उघड्या पाठीचं रंगीत चित्र होतं. पाठभर पुरळ, पुरळाची गोल गोल कडी. कागदावर त्या कड्यांच्या मधोमध काही नव्हतं. पडद्यावर मात्र सगळ्यात मोठ्या कड्याच्या बरोबर मध्ये लाल ठिपका होता. आणि पडद्यावर होतं तेच टौरंगाला पोचलं होतं.

चित्रात ठिपका असेल तर तिथल्या रोगी बाईला औषध द्यायचं. नसेल तर तत्काळ बंद करायचं. उलटं झालं तर बाई मरणार.

आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी शिकले चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मुलीला कोण पाठवतं. नवरा गेल्यावर मुलाकडे ऑकलंडला आले. तिथल्याच अवोन्डेल भागात त्याचं घर. सून कामाला, मुलगा कामाला, नात शाळेला. दिवसभर भिंतींशी काय बोलणार? शेजारच्या बाईनं एका हॉस्पिटलच्या ग्रंथालयात साफसफाईचं काम मिळवून दिलं. तिथं एक फोटोकॉपीची खोली होती. ती चालवणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही. मार्गारेट मला म्हणाली, "इंडू, तुला बटण दाबता येतं ना?" म्हटलं, "मिक्सर चालवते, हेही चालवीन." झालं. इंग्रजी वाचायला मी त्या खोलीत शिकले, तेही मासिकांच्या नावांवरून. त्यामुळे मला 'हृदय' आणि 'मूत्रपिंड' इंग्रजीत आधी वाचता यायला लागलं, 'दूध' आणि 'ब्रेड' नंतर.

हॉस्पिटलच्या ग्रंथालयात कादंबऱ्या नसतात. डॉक्टरांची मासिकं असतात. जगात कुठं कुणाला नवा रोग दिसला, कुठल्या औषधानं काय झालं, ते तिथले डॉक्टर लिहितात आणि ते छापून येतं. आमच्या तळघरात अशा मासिकांचे खंड होते, जमिनीपासून छतापर्यंत. न्यूझीलंडात गावं लहान, हॉस्पिटलं लहान. तिथल्या डॉक्टरला काही अडलं की तो आमच्याकडे मागणी पाठवायचा: अमुक मासिक, अमुक वर्ष, अमुक पान. मी तळघरातून खंड काढायचा, काचेवर पालथा घालायचा, वरून दाबायचा, बटण दाबायचं. पान उलटायचं, पुन्हा पालथा. जाड खंड दाबला की पाठीचा कणा मोडल्यासारखा कडकन आवाज यायचा. मग कागद लखोट्यात, लखोटा कुरिअरच्या माणसाकडे, तो पेनरोजच्या डेपोत, तिथून गाडीनं दुसऱ्या गावाला. सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशी. घाई असेल तर फॅक्स.

फॅक्स आणि फोटोकॉपी, दोन्हींचा एक दोष. अक्षरं उत्तम येतात, चित्रं मरतात. माणसाचा फोटो कॉपीत काळा ठिक्कर. एका म्हाताऱ्या सर्जननं मला एकदा एक कॉपी परत आणून दाखवली. "इंडू, हे यकृत आहे की रात्रीचं आकाश?" मी म्हटलं, "माझ्याकडून जाताना यकृत होतं." तो हसला आणि स्वतः तळघरात उतरून मूळ पान बघून आला. जवळच्या माणसाला हे जमतं. लांबच्यानं काय करायचं?

मग ग्रंथालयानं स्कॅनर घेतला. संदीपनं तो बसवला. संदीप पुण्याचा, तिशीतला, हुशार, आणि एका जागी उभा न राहणारा. मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायचा आणि माझ्या डब्यातली पोळी न विचारता घ्यायचा.

तो म्हणाला, "काकू, एखादं रंगीत चित्र आणा. जुनं."

मी एक खंड आणला. त्यात माणसाच्या डोळ्याचं आतून काढलेलं चित्र होतं. त्यानं खंड काचेवर ठेवला. उजेडाची पट्टी या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश सरकली, आणि तो डोळा पडद्यावर उमटला. नारिंगी गोळा, त्यावर लाल शिरा. शिरांना फाटे, फाट्यांना फाटे. संदीपनं बटण दाबलं की चित्र जवळ यायचं, आणखी जवळ यायचं. शेवटी मला कागदाचे तंतूसुद्धा दिसायला लागले. ते पान मी आधी कितीतरी वेळा हाताळलं असेल. मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

मार्गारेट बघायला आली. तिनं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "गुड ग्रीफ," एवढंच म्हणाली. कोपऱ्यात कुणीतरी शिसपेन्सिलीनं काही लिहून खोडलं होतं. कागदावर ते दिसत नव्हतं. पडद्यावर वाचता येत होतं.

"मशीनला आपल्यापेक्षा जास्त दिसतं," संदीप म्हणाला. "स्वीट ॲज, एकदम झकास!"

मग त्यानं ते चित्र ईमेलनं ख्राइस्टचर्चच्या त्याच्या मित्राला पाठवलं. मी खंड मिटून हातात घेतला होता, अजून फळीवर ठेवलाही नव्हता, तोवर मित्राचा फोन: "कुणाचा डोळा पाठवलास रे?"

मी खंड घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या हातातलं पान माझ्या हातातच होतं, आणि ते मध्ये समुद्र असलेल्या दुसऱ्या बेटावरही होतं. ही गोष्ट मी आज नातीला सांगते तर ती म्हणते, "सो, आजी? इट्स जस्ट ईमेल." तिचं बरोबर असेल. पण ज्यानं ओझं वाहिलंय त्यालाच चाक बघून तोंडात बोट घालावंसं वाटतं.

त्या दिवसापासून आमची एक समजूत झाली. कागद आणि पडदा यांत फरक दिसला तर पडदा खरा. आमच्या तिघांचीही. तीच पुढं आडवी आली.

तर ती टौरंगाची बाई. ती पॅसिफिकमधल्या लहान बेटांवरून आलेली, किवीफळाच्या मळ्यात कामाला. तिच्या छातीचा जुना आजार होता. त्यावर तिला एक जुनं औषध चालू होतं, जे आता फारसं कुणी देत नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, मला ते नीट लिहिताही येणार नाही. तिला ताप चढला, अंगभर पुरळ आलं, तोंड आतून सोललं, डोळे सुजून मिटले. मोठे डॉक्टर म्हणाले, छातीतला रोग रक्तात पसरला, औषध वाढवा. तिला बघणारी तरुण डॉक्टर म्हणाली, मला वाटतं हे औषधच तिला मारतंय. आता बघा, रोग पसरला असेल आणि औषध थांबवलं, तर ती मरणार. औषधच विष असेल आणि आणखी एक डोस दिला, तरी मरणार. मोठ्यांनी त्या तरुण डॉक्टरला दुपारपर्यंत वेळ दिला. पुरावा आण म्हणाले.

त्या औषधानं अंगावर कसं पुरळ उठतं, त्याची रंगीत चित्रं फक्त एका जुन्या लेखात होती. तो खंड आमच्या तळघरात. लेख लिहिणाराही असा, की मजकुरात कड्यांचा आकार दिला, रंग दिला, पण मध्ये काय असतं ते लिहिलंच नाही. 'चित्र पाहा' म्हणून मोकळा झाला.

मार्गारेटनं सवयीनं आधी फॅक्स केला. तिकडे काळा चौकोन पोचला. मग मी स्कॅन केलं, संदीपनं पाठवलं. आणि लगेच तो फोन आला: रोग्याच्या अंगावरच्या कड्यांत मध्ये काही नाही, फिकट कातडी आहे. तुमच्या चित्रात लाल ठिपका आहे. म्हणजे जुळत नाही, मग दोष औषधाचा नाही. पण एकाच कड्यात कसा? बाकीच्यांतले उडून गेले का? कागदावर काय आहे?

मार्गारेटनं खंड खिडकीशी नेला. "मला दिसत नाहीये," ती म्हणाली. "पण माझे डोळे आता..."

"रंग उडाला असेल," संदीप म्हणाला. "मशीनला दिसतोय. तेव्हा पेन्सिल दिसली तशी."

मार्गारेटनं भिंग आणलं. भिंगातून मीही बघितलं, आणि तिथं तर सगळाच घोटाळा. छापील रंगीत चित्र हे मुळात बारीक ठिपक्यांचंच असतं. लाल, पिवळे, निळे. भिंगाखाली सगळी पाठच ठिपक्यांची झाली. त्यातला रोगाचा कुठला आणि छापखान्याचा कुठला, कोण सांगणार?

"मॅडम," संदीप फोनकडे तोंड करून म्हणाला, "टेक्निकली, स्कॅनरवर जास्त विश्वास ठेवावा."

तिकडे कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, "देन वी गो अहेड. गिव्ह द डोस."

मला राग आला. तो आवरायची मला सवय नाही. मी मराठीत म्हटलं, "अरे, कशाचं टेक्निकली! दोघांना कागदावर दिसत नाही, मला दिसत नाही. तिघंही आंधळी आणि तो डबा तेवढा डोळस होय रे?"

"काकू, प्लीज, फोन चालू आहे."

"असू दे चालू!"

मला वाटलं, आता फोन ठेवणार. मग ती डॉक्टर बोलली, आणि मराठीत बोलली.

"काकू? तुम्ही मराठी आहात?"

"हो बाई. तूही?"

"मी नागपूरची. मानसी. काकू, एक विचारू? मी हा ठिपका मोठा करून बघतेय. हा लाल रंग मला रक्ताचा वाटत नाहीये. आईच्या देव्हाऱ्याजवळच्या प्रत्येक वस्तूवर असतो ना, तसला वाटतोय. परवा दसरा झाला. तुमच्या मशीनची कुणी पूजा केली का?"

मी संदीपकडे बघितलं. संदीपनं स्कॅनरकडे बघितलं.

पूजा झाली होती. दसऱ्याला आपण हत्याराला हात जोडतो. सुतार करवतीला जोडतो, शिंपी मशीनला, तसा संदीप स्कॅनरला. नवं यंत्र, त्यानं बसवलेलं, म्हणून मान त्याचा. मार्गारेटला विचारूनच केली होती. तिनं स्वतःच्या बागेतलं पिवळं फूल आणून दिलं होतं. कुंकू माझ्या पर्समधलं, सुनेसाठी घेतलेलं, लावलं संदीपनं, झाकणावर, आणि वर अक्षता. जुन्या फोटोकॉपी मशीनलाही दर दसऱ्याला हेच व्हायचं. त्या मशीनला लाल रंग माहीतच नव्हता. कॉपीवर एखादा काळा ठिपका आला तर लोक म्हणायचे, कॉपीच ती, असायचाच. या नव्या यंत्राला सगळे रंग दिसत होते. झाकण उघडताना एक कण घरंगळला असणार, आणि यंत्रानं तो इमानानं बघितला, इमानानं दाखवला, इमानानं टौरंगाला पोचवला.

मी झाकण उघडलं. काच स्वच्छ दिसत होती. मी बोट फिरवलं. बोटाचं टोक लाल झालं.

बोट मार्गारेटच्या पुढं धरलं. "रेड पावडर," मी म्हटलं. "फॉर गॉड."

मार्गारेटनं एकदा बोटाकडे बघितलं, एकदा संदीपकडे. "संदीप," ती अगदी शांतपणे म्हणाली, "वाइप युअर गॉड ऑफ माय ग्लास." आणि कापूस आणायला धावली. पासष्टीची बाई पळताना मी तेव्हाच पाहिली.

संदीप बाहीनंच काच पुसायला निघाला. मी त्याला बाजूला केलं, स्पिरिटनं काच पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. खंड पालथा ठेवला. या वेळी दाबला नाही, हातानं नुसता तोलून धरला. उजेडाची पट्टी सरकायला लागली. रोज शंभरदा बघितलेली ती पट्टी. त्या दिवशी ती पुढं जातच नाही असं वाटत होतं.

चित्र आलं. पाठ आली, पुरळ आलं, कडी आली. कड्यांच्या मध्ये काही नाही. नुसती फिकट कातडी.

संदीपनं पाठवलं. फोन चालूच होता. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, मग मानसीचा श्वास ऐकू आला. मग ती तिकडच्या कुणाला तरी इंग्रजीत म्हणाली, "हे बघा. हे आमच्या बाईच्या अंगावर बघा. आता सांगा." तो मघाचा पुरुषी आवाज पडद्याजवळ आल्यासारखा वाटला. मग म्हणाला, "स्टॉप इट. स्टॉप द ड्रग."

"काकू, नंतर करते फोन," मानसी म्हणाली आणि फोन बंद झाला.

संदीप खुर्चीत बसला आणि डोकं धरून म्हणाला, "मी आज एक माणूस मारला असता."

"मारला नाहीस," मी म्हटलं. "ऊठ, चहा कर."

"काकू, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं. साखर जास्त घाल."

तो चहाला गेल्यावर मी खंड मिटायला घेतला आणि ते चित्र मला पहिल्यांदा नीट दिसलं. तोवर मी फक्त कड्याचा मधला भाग बघत होते. ती एका माणसाची पाठ होती. मान झुकलेली, खांद्याची हाडं वर आलेली. चेहरा नाही, नाव नाही, कुठला तेही नाही. अर्ध्या शतकापूर्वी कुठल्यातरी हॉस्पिटलात त्याला कुणीतरी सांगितलं असेल, सदरा काढ, पाठ कर, फोटो घ्यायचाय. त्याला थंडी वाजत असेल. बरा झाला की गेला, ते लेखात असेल, मला वाचता आलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. तो पाठ करून बसला, आणि एवढ्या वर्षांनी एका बाईच्या अंगाशेजारी त्याची पाठ धरून लोकांनी ठरवलं की तिला जगवायचं कसं. त्याच्या पाठीपासून तिच्या अंगापर्यंत मध्ये किती हात लागले असतील: फोटो काढणारा, छापणारा, बांधणारा, जहाजातून आणणारा, तळघरात फळीवर लावणारा. मी देवाधर्माची फारशी नाही. पण त्या दिवशी मी खंड मिटला तो दोन्ही हातांनी.

पुढं फोटोकॉपीची खोली बंद झाली. यंत्र दोन माणसांनी ढकलत नेलं, चाकं कुरकुरत होती. मला वाईट वाटलं का, असं सगळे विचारायचे. यंत्राचं काही वाटलं नाही. गरम कागदाचं थोडं वाटलं. थंडीत ताज्या कॉप्यांचा गठ्ठा छातीशी धरला की हात शेकून निघायचे. ईमेलला ऊब नसते. त्याच्या बदल्यात खंडांच्या पाठी मोडायच्या थांबल्या. नंतर आला तो स्कॅनर वरून बघणारा होता, पुस्तक उताणं ठेवायचं, दाबायचं नाही. पुस्तक झोपलेलं आणि यंत्र वरून वाकलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पुन्हा तशीच उभी राहिले होते. तीन-चार वर्षांत दोनदा एवढं थक्क होणं माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही.

पूजा थांबली नाही. मार्गारेटनं नियम केला: फूल चालेल, पावडर नाही, आणि तेही टेबलाखाली. संदीपनं तो मोडला नाही. कागद आणि पडदा यांत फरक दिसला तर आधी काच पुसायची, हा दुसरा नियम. तो पाटीवर लिहून भिंतीला लावला होता. नवीन येणाऱ्यांना त्याचं कारण कुणी सांगायचं नाही.

मानसीचा फोन दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरच्या दिवशीही आला नाही. संदीप सारखा माझ्या खोलीत डोकवायचा. "आला?" "नाही." मार्गारेट विचारत नव्हती, पण फोन वाजला की तिचं बोलणं अर्ध्यात थांबायचं. मी म्हणायचे, मेली असती तर कळवलं असतं. खरं तर मेल्यावर ग्रंथालयाला कोण कळवतं?

तो आला पुढच्या आठवड्यात, मी जेवत असताना.

"काकू, ताप उतरला. कातडी सुटली सगळी, पण खालची नवी आलीय. तोंडानं खातेय."

"आणि डोळे?"

"उजवा वाचला. डावा नाही."

"तिला सांगितलंस, चित्राचं?"

"सांगितलं. म्हणाली, तो माणूस कोण होता? मी म्हटलं, माहीत नाही."

मी तिघांचा चहा टाकला आणि दोघांना बोलावून सांगितलं. बाई जगली. एका डोळ्यानं अधू झाली, पुढच्या हंगामात पुन्हा मळ्यात कामाला लागली.